पांढऱ्या पाटीवरची पाच बोटं

गवत हिरवं आहे की नाही हे कोणी ठरवायचं, त्यात घोटाभर उभ्या असलेल्या माणसानं की वरून त्याचा फोटो काढणाऱ्या माणसानं? उत्तर द्यायची घाई करू नका. मी केली होती, आणि त्यापायी मेयो काउंटीतल्या एका शेतकऱ्याचं तीन वर्षांचं काम एका शनिवारी सकाळी वाया जायला निघालं होतं.

मी डब्लिनमधल्या एका विद्यापीठात पीएचडी करते. पानाला हात न लावता त्यात हरितद्रव्य किती आहे ते सांगायचं, हा माझा विषय. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश खाऊन टाकतं, हिरवा थोडाफार परत फेकतं. तांबड्याच्या पलीकडे आपल्या डोळ्यांना न दिसणारा जो प्रकाश असतो, तो पान बराचसा परत पाठवतं. कोणता प्रकाश किती परत आला ते मोजलं की पान भरल्या पोटी आहे की उपाशी ते कळतं. मुळांना नत्र कमी पडलं की पानातलं हरितद्रव्य घटायला लागतं, आणि ते माणसाच्या आधी कॅमेऱ्याला दिसतं.

हे काम उपग्रहावरूनही होतं. पण पहिल्या वर्षी मी आयर्लंडची उपग्रहचित्रं उतरवून घ्यायला लागले, तर बहुतेक चित्रांत गादी फाटून कापूस पसरल्यासारखे ढगच ढग. त्या कापसाखाली देश आहे यावर विश्वास ठेवायचा, एवढंच हातात. म्हणून मग ढगांच्या खालून उडणारा ड्रोन आला, त्याला पाच भिंगांचा कॅमेरा, आणि माझे मेयोचे दौरे सुरू झाले.

मी मूळची इचलकरंजीची. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. पाण्यावर, रेशनवर, मजुरीवर, बुवाबाजीवर. आई-बाबा संध्याकाळी पत्रकांना घड्या घालत बसायचे आणि मी उरलेल्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर बाराखडी गिरवायचे. एका बाजूला माझा वाकडा ‘ज’, दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरांत ‘जाब विचारा’. व्हायचा तो परिणाम झाला. चौथीत असताना शाळेतल्या पाटीपूजनाच्या दिवशी मी हातानं लिहिलेली बारा पत्रकं वाटली: ‘पाटी लिहिण्यासाठी असते, पूजेसाठी नाही.’ बाईंनी एक मागून घेतलं, शांतपणे वाचलं, शुद्धलेखनाच्या तीन चुका तांबड्या पेनानं दाखवल्या आणि परत दिलं. चळवळीला बसलेला तो पहिला धक्का.

डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारमध्ये मी एका मराठी कुटुंबाकडे खोली घेऊन राहते. काका सॉफ्टवेअरमध्ये आहेत. काकू पुण्याहून त्यांच्यामागोमाग डिपेंडंट म्हणून आल्या. दोन वर्षं त्यांनी खिडकीतून पाऊस बघितला, तिसऱ्या वर्षी पोळ्या विकायला सुरुवात केली. आता शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या दारात गाड्या लागतात. काकूंचा देव्हारा स्वयंपाकघरातल्या कपाटात आहे. इथले लोक कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात, म्हणून काकूही म्हणतात. “देव प्रेसमध्ये आहेत, जरा हळू बोल,” असं मला अधूनमधून ऐकवलं जातं. कारण देवाधर्मावरून आमचे वाद आठवड्यातून दोनदा ठरलेले, आणि माझा आवाज तापतो.

“तुमच्या घरात देवाला कायमची सुट्टीच होती म्हण की,” काकू म्हणतात.

“बिनपगारी,” मी म्हणते.

मग त्या मला गरम पोळी वाढतात आणि वाद बरोबरीत सुटतो.

ज्या शेतकऱ्याबद्दल सांगतेय, त्याचं शेत मेयोतल्या कासलबार गावापासून अर्ध्या तासावर आहे. साठी ओलांडलेला, एकटा माणूस. मांसासाठी गुरं पाळतो, आणि गुरांसाठी गवत. तीन वर्षांपूर्वी त्यानं पोत्यातलं खत बंद केलं आणि गवतात पांढरं क्लोव्हर पेरलं. क्लोव्हर ही घेवड्या-वाटाण्याच्या कुळातली वनस्पती. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात आणि शेजारच्या गवतालाही ते मिळतं. गॅस जाळून कारखान्यात खत बनवायचं, ते शेतात ओतायचं, आणि निम्मं पावसाबरोबर नदीत जाऊ द्यायचं, या सगळ्या प्रकाराला हा माणूस एकट्यानं नाही म्हणत होता. मला तो पाहताक्षणी आवडला. माझ्या बालपणातल्या एखाद्या पत्रकातून उठून, रबरी वेलिंग्टन बूट घालून तो बाहेर आलाय असं वाटलं.

शेजारपाजारचे शेतकरी मात्र त्याला हसायचे. “मे महिना येऊ दे, भूक लागली की गवत स्वतःच ओरडेल,” असं म्हणायचे. पहिल्याच भेटीत त्यानं मला सांगून टाकलं होतं, “हे शेवटचं वर्ष, डॉक्टर. गवत टिकलं तर ग्रँड. नाही टिकलं तर पुन्हा पोती.” मी अजून डॉक्टर झालेली नाही हे मी त्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सोडून दिलं.

एप्रिलमधल्या पहिल्या उड्डाणात त्याचं गवत उत्तम निघालं. उड्डाण संपता संपता मात्र ड्रोन शेताच्या मधोमध उभ्या असलेल्या एकट्या काटेरी हॉथॉर्नच्या झाडात जाऊन अडकला. मी फांदी तोडायला कात्री मागितली. शेतकरी शिडी घेऊन आला, पण कात्री नाही. तासभर खटपट करून, हात ओरबाडून घेत त्यानं ड्रोन सोडवला. एक काडीसुद्धा मोडली नाही. या धावपळीत माझा पाय पडून आमची जुनी पांढरी पाटी तडकली.

ही पाटी म्हणजे तळहाताएवढा, विशिष्ट लेप दिलेला चौकोन. उड्डाणाआधी आणि नंतर कॅमेऱ्यानं तिचा फोटो घ्यायचा. पाटी किती प्रकाश परत फेकते ते आधीच माहीत असतं, त्यामुळे त्या दिवशी आभाळातून किती उजेड येत होता ते तिच्यावरून काढता येतं. आयर्लंडमध्ये दर पाच मिनिटांनी ऊन आणि ढगांचं भांडण चालू असतं, इथे या पाटीशिवाय सगळे आकडे हवेत. तिला बोटसुद्धा लावायचं नाही, कडेनं धरायचं, डबीत ठेवायचं. पाटी चुकली की सगळं शेत चुकलं.

मेमध्ये नवी पाटी आली. सोमवारी पहाटे विद्यापीठाच्या गाडीनं निघायचं होतं म्हणून ड्रोन आणि पाटी दोन्ही मी घरीच आणली. काकू पोळ्या लाटत होत्या.

“नवीन मशीन?”

“मशीन जुनंच, दुरुस्त होऊन आलंय. पाटी नवी आहे.”

“मग नारळ फोडू या की. गेल्या वेळी झाडात गेलं ना तुझं ते विमान.”

“काकू, वाऱ्यामुळे गेलं. नारळानं वारा थांबत नाही.”

“मी कुठं म्हटलं थांबतो? नवी वस्तू घरात आली की दोन बोटं हळद-कुंकू लावतात, बस्स. तुझ्या काकांच्या लॅपटॉपलासुद्धा लावलंय मी.”

मग मी भाषण दिलं. ते चांगलं झालं हे मला आजही आठवतं. वस्तू नीट वापरणं हाच तिचा मान, विज्ञानाच्या उपकरणावर श्रद्धेचा शिक्का नको, वगैरे वगैरे. काकू लाटत राहिल्या. शेवटी “बरं बाई,” म्हणाल्या. त्या इतक्या लवकर ऐकत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सोमवारी मी शेतात पाटी उघडली. रंग किंचित वेगळा दिसला, जरासा पिवळट, जरासा गुलाबीसर. शेतात उठून दिसावं म्हणून मी भगभगीत नारिंगी जाकीट घातलं होतं. कपड्यांचा रंग पाटीवर पडतो म्हणून तिच्यापासून लांब उभं राहायचं असतं, हे मीच सगळ्यांना शिकवते. मी दोन पावलं मागे गेले. झाक तशीच राहिली. आणखी मागे जावं की काय असा विचार केला, तेवढ्यात पश्चिमेकडून पावसाचा पडदा सरकत येताना दिसला. मी फोटो घेतला आणि ड्रोन उडवला. नवी पाटी मी याआधी पाहिलीच कुठं होती? नवी असताना अशीच दिसत असेल.

मंगळवारी नकाशा तयार झाला. पोट भरलेलं गवत हिरव्या रंगात, उपाशी गवत लाल, अशी माझी रंगांची पद्धत. सगळं शेत लाल. एप्रिलमध्ये जे तरारलेलं होतं, ते तीन-चार आठवड्यांत उपाशी मरायला टेकलं होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट कबूल करायची आहे. तो नकाशा पाहून मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला स्वतःचं कौतुक वाटलं. क्लोव्हर जिंकावं अशी माझी मनापासून इच्छा होती, उत्तर उलटं आलं होतं, आणि मी ते लपवणार नव्हते. माझ्या बाजूच्या विरुद्ध गेलेलं सत्य मी निधड्या छातीनं सांगणार होते. हा प्रामाणिकपणा मला इतका चढला की आकडे तपासायचे राहून गेले. दहा मिनिटांत नकाशा शेतकऱ्याच्या फोनवर गेला.

उत्तर आलं: “धन्यवाद, डॉक्टर. म्हणजे झालं तर. पोती आणि मशीन घेऊन माणूस शनिवारी सकाळी येतोय. शेजाऱ्यांनाही नकाशा पाठवला. त्यांना बघायचाच होता.”

पोत्यातलं नत्र आयतं मिळालं की क्लोव्हर आपलं काम थांबवतं. गवत तरारून वाढतं आणि क्लोव्हरला झाकून टाकतं. शनिवारी खत पडलं की त्याची तीन वर्षं संपणार होती.

गुरुवारी माझ्या मार्गदर्शक बाईंनी नकाशा पाहिला. त्या याच देशातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, “दुसरं सूत्र लावून पाहिलंस?”

माझं सूत्र हिरव्या प्रकाशावर चालायचं. दुसरं सूत्र हिरवा वापरत नाही. तांबडा प्रकाश संपून न दिसणारा सुरू होतो, त्या सीमेवरची पट्टी ते वापरतं. ते लावलं. शेत हिरवंगार निघालं, फक्त ओढ्याकडचा खालचा कोपरा लाल. एकच शेत, एकच उड्डाण, आणि दोन सूत्रं दोन वेगळ्या गोष्टी सांगत होती.

“पाटीचे फोटो काढ,” बाई म्हणाल्या.

पाच भिंगांचे पाच फोटो. तांबड्यात पाटी स्वच्छ. त्यापलीकडच्या दोन भिंगांत स्वच्छ. हिरव्या भिंगात मात्र तिच्यावर काळसर सावली पसरलेली. आणि निळ्या भिंगात, फडक्यानं पुसल्याच्या फराट्याखाली, एका ओळीत पाच गोल ठिपके.

“बोटांचे ठसे आहेत का हे?” बाई पुढे झुकल्या. “कोणीतरी बोटं लावलेली दिसतात. पण इतकी ओळीत?”

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत या ठिपक्यांवर बैठक भरली असती. मला अर्धा सेकंद लागला. हळद निळा प्रकाश खाते. कुंकू निळ्याबरोबर हिरवाही खातं. पाटी हिरव्यात काळवंडली, म्हणून गणितानं उलटा अर्थ लावला की त्या दिवशी हिरवा उजेडच कमी होता, म्हणून गवतावरून परत आलेला हिरवा प्रकाश खूप जास्त वाटला, आणि हिरवा प्रकाश जास्त परत फेकणारं गवत म्हणजे फिकट, उपाशी गवत. मी बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते पाच ठिपके पडद्यावर मोठे करून पाहिले. मग म्हणाल्या, “चांगल्या हेतूनं केलेलं दिसतंय.” आणि हसू आवरायला कॉफी आणायला गेल्या.

मी शेतकऱ्याला फोन केला. उचलला नाही. संदेश पाठवला, वाचल्याची खूण आली नाही. घरी जाताना ट्रेनमध्ये, उतरायचं क्लोन्सिला स्टेशन येईपर्यंत माझ्या डोक्यात एक आख्खं पत्रक तयार झालं, मथळ्यासकट. स्वयंपाकघराच्या दारातच मी सुरू केलं.

“काकू, पाटीला कुंकू लावलंत?”

काकूंचं लाटणं थांबलं. “दिसलं होय? मी पुसलं होतं गं. ओल्या टिश्यूनं. लख्ख.”

“लख्ख नाही, सगळीकडे पसरलं ते.”

“ड्रोनला लावणार होते. म्हटलं, तुला दिसेल आणि तू ओरडशील. ती पाटी छान पांढरी, डबीत नीट ठेवलेली. मला वाटलं, हीच तुझी मुख्य वस्तू असणार.”

“आहेच हो मुख्य! म्हणून तर सगळं शेत लाल आलं!” मग मी त्यांना सगळं सांगितलं, शनिवारच्या पोत्यांपर्यंत.

मला वाटलं होतं त्या वाद घालतील. माझं पत्रक वादासाठी तयार होतं. काकूंनी गॅस बंद केला, हात धुतले आणि विचारलं, “तो फोन उचलत नाही म्हणालीस?”

“नाही.”

“मग उद्या जायला पाहिजे. मी येते.”

“तुम्ही कशाला? उद्या शुक्रवार आहे, पोळ्या?”

“पोळ्या रात्री करून ठेवते, दारात काका उभे राहतील. चूक माझ्या बोटांची आहे. मी येते.” आणि दोन मिनिटांनी: “त्याला तिखट चालतं का?”

शुक्रवारी सकाळच्या ट्रेननं आम्ही निघालो. सोबत पानातलं हरितद्रव्य मोजणारं चिमट्यासारखं छोटं यंत्र, दुसऱ्या सूत्राच्या नकाशाचा कागद, आणि काकूंची मोठी पिशवी. काकू आयर्लंडमध्ये सहा वर्षं राहून डब्लिनच्या बाहेर फक्त दोनदा गेल्या होत्या, दोन्ही वेळा पाहुण्यांना समुद्र दाखवायला डून लेरीला, आणि ते तसं डब्लिनच. अ‍ॅथलोनच्या पुढे त्या खिडकीला नाक लावून बसल्या. “एवढं गवत! आणि माणूस एक नाही. तू हे सगळं मोजणार आहेस?”

कासलबारला उतरून टॅक्सी केली. शेतकरी फाटकापाशीच भेटला. फोन का उचलला नाही असं विचारलं तर म्हणाला, चार्जिंगला प्रेसमध्ये ठेवला होता, तिथेच विसरला. काकूंनी माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेनं पाहिलं. त्यांच्या मते चांगल्या गोष्टी प्रेसमध्येच असतात.

मी सुरुवात करायच्या आत काकू पुढे झाल्या. काकूंचं इंग्रजी सरळ रेषेत जातं. “सर, मिस्टेक इज माइन. शी इज गुड गर्ल. आय पुट पूजा ऑन हर प्लेट.”

तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी समजावलं, हळद, कुंकू, नवी वस्तू, भिंगं, सगळं. तो हसेल याची मला खात्री होती आणि मी मनातल्या मनात लाजून घेत होते. तो हसला नाही. त्यानं शेतातल्या त्या एकट्या हॉथॉर्नकडे बोट दाखवलं.

“ते झाड माझ्या आजोबांनी तोडलं नाही, वडिलांनी नाही, मीही नाही. असलं झाड परीलोकांचं असतं म्हणतात. मी मानतो असं नाही हं. पण हात लावत नाही.”

मी त्यावर काहीतरी बोलणार होते. काकूंनी माझा दंड धरला. “आता इथं भाषण नको,” त्या मराठीत म्हणाल्या.

“पण मला एक सांगा,” मी त्याला विचारलं, “तुम्ही चाळीस वर्षं हे गवत बघताय. तुम्हाला ते उपाशी वाटलं होतं का?”

तो बुटानं माती उकरत राहिला. “नाही. मला तर ग्रँड वाटलं होतं. गुरंही मजेत खात होती. पण तुझा नकाशा लाल होता, डॉक्टर. म्हटलं, मला काय कळतंय.”

काय झालं म्हणून काकूंनी विचारलं, मी मराठीत सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे मी तुझ्या पाटीला हात जोडले आणि यानं तुझ्या नकाशाला.”

या वेळी वाद बरोबरीत सुटला नाही, काकू जिंकल्या. कुणी सांगितलं म्हणून मान डोलवू नका, हे ज्या घरात मी अक्षरओळखीबरोबर शिकले, त्या घरातून निघून मी इथवर येऊन एका माणसाला त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावला होता. आणि ते करताना मला आपण प्रामाणिक आहोत असं वाटत होतं.

“आज नकाशा बाजूला ठेवू,” मी म्हटलं. “पानं मोजू. तुम्ही सांगाल तिथली.”

बारीक पाऊस लागला होता. तो पुढे, मी मागे, काकू त्याच्या जास्तीच्या वेलिंग्टन बुटांत, दोन मापं मोठ्या. गवताचं पातं यंत्राच्या चिमट्यात धरायचं, शिरेवर नाही, कडेला नाही, आणि आधी पाणी टिपून घ्यायचं. मला दर पात्याला दोन-तीनदा खटपट करावी लागते. काकूंनी यंत्र हातात घेतलं आणि पटापट घ्यायला लागल्या. सगळा जन्म मेथी आणि कोथिंबीर निवडण्यात गेलेली बोटं ती. कोणतं पान कोवळं, कोणतं जून, त्या न बघता सांगत होत्या. मी आकडे लिहीत होते.

मध्येच त्या खाली वाकल्या. “अगं, ही तर मेथीच!”

“क्लोव्हर आहे ते, काकू. ज्याच्यासाठी आपण आलोय.”

“तीन-तीन पानं, अगदी मेथी. भाजी होते का याची?” आणि थेट त्यालाच, “सर, यू इट धिस?”

“गुरं खातात,” तो म्हणाला.

“गुरं हुशार आहेत,” काकू मला म्हणाल्या.

शेताच्या वरच्या तिन्ही तुकड्यांत आकडे उत्तम आले, एप्रिलपेक्षा बरे. दर दहा-बारा पात्यांनंतर मी आकडा मोठ्यानं वाचायचे आणि तो टोपी थोडी मागे सरकवायचा. तिसऱ्या तुकड्याअखेर टोपी पार टाळूवर पोचली होती. मग आम्ही ओढ्याकडच्या खालच्या कोपऱ्यात गेलो. तिथं आकडे घसरले. मला ते वाचून दाखवायचं जिवावर आलं होतं, पण वाचले.

“तिथं पाणी साचतं,” तो म्हणाला. “मला माहीत आहे ते. चर काढायला हवा, दोन वर्षं टाळतोय. त्याला पोतं काय करणार?”

आम्ही घरात आलो. त्यानं प्रेस उघडून फोन काढला आणि आमच्यासमोरच शनिवारच्या माणसाला फोन लावला. आयरिश माणसं नकार देतानाही हवापाण्यापासून सुरुवात करतात, त्यामुळे मुद्द्यावर यायला त्याला पाच मिनिटं लागली.  शेवटी तो म्हणाला, “नाही, नाही, उद्या नको. या वर्षी नकोच बहुतेक. गवत ग्रँड आहे. हो, मी स्वतः पाहिलं.”

काकूंनी पिशवी उघडली. पोळ्या, बटाट्याची भाजी, आणि लिंबाचं लोणचं. लोणचं खाल्ल्यावर त्याचे कान लाल झाले. त्यानं दुसऱ्यांदा घेतलं.

पण माझं काम संपलं नव्हतं. लाल नकाशा आता शेजाऱ्यांच्या फोनवर होता, आणि ते त्यावर खूश होते. मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून एकपानी पत्रक लिहिलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी पत्रक. मथळा मोठा: ‘माझा नकाशा चुकला’. खाली, पाटी मळली होती आणि मी ती न तपासता ड्रोन उडवला, हे साध्या वाक्यांत. त्याखाली पानांचे आकडे, चांगल्या तुकड्यांचे आणि ओढ्याकडच्या वाईट कोपऱ्याचेही. शेतकऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, “हळद-कुंकवाचं लिहिलं नाहीस?”

“चूक माझी आहे. पाटी माझ्या ताब्यात होती, झाक मला दिसली होती.”

काकूंनी काय चाललंय ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाल्या, “लिही की माझं पण. मी काय घाबरते?” मग मी एक ओळ जोडली: ‘पाटी घरातल्या एका प्रेमळ व्यक्तीनं शुभेच्छा देताना मळवली.’ काकूंनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग मी हातानं त्याच्या सात प्रती लिहून काढल्या.

त्या दिवशी संध्याकाळच्या ट्रेनआधी आम्ही तिघं त्याच्या खटारा गाडीतून सात घरं फिरलो. मी पत्रक द्यायचे आणि उभी राहायचे. एकानं माझ्यासमोर वाचलं, मोठ्यानं हसला आणि बायकोला बोलावून तिलाही वाचून दाखवलं. एकानं विचारलं की मग मी आधी कशाला पाठवला. मी म्हटलं, घाई केली. एक म्हातारा फाटकापर्यंत आमच्याबरोबर आला आणि शेतकऱ्याला हळूच विचारलं की क्लोव्हरचं बी कुठून आणलं. परत गाडीत बसल्यावर शेतकरी शिट्टी वाजवत होता, आणि काकू मला मराठीत विचारत होत्या की याचं लग्न का झालं नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी बरेच जण असल्याच कामात आहात, पुण्यात, डब्लिनमध्ये, कुठंही. रंगीत नकाशे, आलेख, अहवाल काढून दुसऱ्यांना पाठवता आणि ते पाहून कुणीतरी आपल्या शेताचं, घराचं, नोकरीचं काहीतरी ठरवतं. तुम्ही पाठवलेलं एक पान आज उघडा. ज्याच्याबद्दल ते आहे त्या माणसाला फोन लावा आणि विचारा, “तुम्हाला स्वतःला काय दिसतंय?” त्याचं आणि तुमचं जुळत नसेल, तर पुन्हा मोजा, शक्य असेल तर त्याच्यासोबत उभं राहून. चूक तुमची निघाली, तर ज्यांना ज्यांना ते पान पोचलं त्या सगळ्यांना, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आजच कळवा.